गिऱ्हाईकं ९४, टीम २: बर्फ काढायच्या धंद्यातल्या एका आठवड्याचं प्रकरण

१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार, सकाळी पावणेसहा. कॅनडात टोरंटोजवळच्या मिसिसागातल्या आमच्या किचनमध्ये मी लॅपटॉप उघडून बसले होते, फोन चार्जिंगला लावलेलाच होता कारण रात्रभर वाजत होता, आणि समोरच्या शीटवर हिरवे झालेले खाने होते फक्त १८. म्हणजे ९४ घरांपैकी १८ ड्राइव्हवे (घरासमोरची गाडी लावायची जागा) साफ झाले होते आणि आम्ही लोकांना लिहून दिलं होतं की सकाळी ७ पर्यंत तुमची गाडी बाहेर निघेल.

धंदा माझ्या मामेभावाचा, त्याला मी दादा म्हणते. उन्हाळ्यात लॉन, झाडं, विटांचे वॉकवे ही कामं आणि १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फ. मी दिवसा एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि बर्फ पडला की रात्री दादाचे फोन, मेसेज, रूट सांभाळते. हे सगळं लिहितेय कारण इकडे टोरंटोच्या आसपास आपली बरीच मुलं हा धंदा सुरू करतायत, एक पिकअप घ्यायची, पुढे प्लाऊ (बर्फ ढकलायचं पातं) लावायचा, ओळखीच्यांची २०-२५ घरं धरायची आणि मग दरवर्षी आकडा वाढवत न्यायचा. आमचं नेमकं तिथेच चुकलं.

त्या सकाळी ५:५० ला एका काकूंचा फोन आला. मराठी मंडळींमधल्याच, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात, मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस असतं. आरडाओरडा काही नाही, नुसतं म्हणाल्या, "अगं, मला साडेसहाला न्यायला गाडी येते, ती आत येऊच शकत नाहीये. तुमची माणसं कुठवर आलीत बघतेस का जरा?" मी बघितलं. काकूंचं घर त्यांच्या रूटवर ३८ व्या नंबरवर होतं. आमची ती टीम ९ व्या घरावर होती. हिशोब केला तर त्यांच्याकडे पोचायला रात्रीचे ८ वाजणार होते.

मी पाजींना फोन करून रूट मोडायला लावला (पाजी म्हणजे आमचे पिकअपवाले, या कामात दादापेक्षा जुने). ते गेले, साफ केलं, परत आले, त्यात पाऊण तास गेला आणि मधल्या सगळ्या घरांना तेवढा उशीर झाला. काकूंची गाडी तरी चुकलीच, सेंटरने त्यांना दुपारची वेळ दिली म्हणून निभावलं. पण पाजींनी तिकडून फोन करून सांगितलं ते माझ्या अजून डोक्यात आहे, "दीदी, आंटी बाहर खड़ी थी, हाथ में छोटा वाला फावड़ा लेके."

आता ९४ घरं झाली कशी ते सांगते. २०२३-२४ चा हिवाळा आठवत असेल, कॅनडात आजवर नोंद झालेला सगळ्यात उबदार हिवाळा होता तो. आमच्याकडे तेव्हा ५८ घरं होती, सगळी सिझनल, म्हणजे अख्ख्या सिझनचे एकरकमी पैसे, बर्फ कितीही वेळा पडो. त्या वर्षी टीम जेमतेम बाहेर पडल्या, पैसे मात्र पूर्ण मिळाले. इकडे ५ सेंटीमीटरच्या वर बर्फ पडला तरच यायचं असा करार बहुतेक ठिकाणी असतो आणि ५ च्या वर तो पडलाच किती वेळा! मग २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास जो येईल त्याला दादा हो म्हणत गेला. मिल्टनमधला मित्र, त्याचा शेजारी, ओकव्हिलमधली ऑफिसातली बाई, उत्तर ब्रॅम्प्टनमध्ये नवीन टाउनहाउस घेतलेली ३ कुटुंबं, म्हणजे आजूबाजूच्या वेगवेगळ्या शहरांत विखुरलेली घरं. एका घराचे ५५० डॉलर. मी पण अडवलं नाही, मीच तर इनव्हॉइस बनवत होते आणि ५१,७०० चा आकडा बघून मलाही बरं वाटलं होतं.

माणसं आणि मशीन मात्र तेवढीच. पिकअपवर पाजी आणि एक स्टुडंट, व्हॅनमध्ये दादा आणि दुसरा स्टुडंट, सोबत २ ब्लोअर (बर्फ उडवून बाजूला टाकणारी मशीन) आणि फावडी. बस.

गुरुवारी दुपारी, म्हणजे टीम अजून रस्त्यावर असतानाच, मी पहिल्यांदा कागदावर मांडून बघितलं जे खरं तर ऑक्टोबरमध्ये करायला हवं होतं. साधारण ८ सेंटीमीटर बर्फ असेल तर आमच्या माणसांना एका घराला ९ मिनिटं लागतात, एका घरून दुसऱ्या घरी जायला सरासरी ६, एकूण १५. जुन्या ५८ घरांचे २ भाग केले तर एका टीमला २९, म्हणजे ४३५ मिनिटं, सव्वासात तास. रात्री १२ ला सुरू केलं की सव्वासातला संपतं, म्हणून "७ पर्यंत" हे वचन जुन्या वर्षी खरं होतं. आता ९४ घरं म्हणजे एका टीमला ४७, तोच ८ सेंटीमीटर बर्फ, तर ७०५ मिनिटं. पावणेबारा तास. म्हणजे साध्या बर्फातसुद्धा आम्ही निम्म्या लोकांना जवळपास दुपार दाखवणार होतो आणि जानेवारीत किरकोळ बर्फ पडला तेव्हा २-३ जणांनी उशिराची तक्रार केली होती ती यामुळेच, आम्हाला वाटलं मुलं हळू काम करतायत.

आणि बुधवारी रात्री पडला तो २० सेंटीमीटरच्या वर. २ गाड्यांचा ड्राइव्हवे साधारण ६ मीटर बाय १० मीटर धरा, त्यावर २० सेंटीमीटर म्हणजे १२ घनमीटर बर्फ. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एका घरातून १२०० किलो उचलून बाजूला टाकायचा. ओला असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट. एका घराला २२ मिनिटं लागायला लागली, रस्ते घसरडे म्हणून प्रवास ८ मिनिटं, झाली ३०. ४७ घरं गुणिले ३० म्हणजे साडेतेवीस तास, एका टीमला, न थांबता.

हे झालं नुसतं पहिल्या फेरीचं. सिटीचा प्लाऊ रस्ता साफ करत जातो तेव्हा रस्त्यावरचा सगळा बर्फ कडेला ढकलत जातो आणि प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा दगडासारखा कडक बांध घालून जातो. इकडे त्याला विंड्रो म्हणतात, आम्ही आपसात बांधच म्हणतो. आपण घर साफ करून गेलो आणि तासाभराने प्लाऊ आला की कस्टमर फोन करतो की तुम्ही आलाच नाहीत. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे ना, त्याची गाडी निघत नाहीये. आमच्या करारात बांधाबद्दल एक अक्षर नव्हतं. गुरुवारचे निम्मे फोन त्या बांधाचे होते.

शेवटचं घर गुरुवारी रात्री झालं ते साडेअकराला. दादा व्हॅनमध्ये बसल्या बसल्या झोपला होता, स्टुडंटने त्याला हलवून उठवलं आणि गाडी त्यानेच चालवत आणली. मी दादाला फार बोलले त्या रात्री. बर्फावर, झोपेत, पुढे मशीन, मागे कोवळी पोरं. पैसे गेले तर परत मिळवता येतात.

शुक्रवारी सकाळी अंदाज आला की शनिवार-रविवार आणखी एक मोठं वादळ येतंय. म्हणजे हातात एक दिवस होता. दादा म्हणाला, "माणसं वाढवू." मी म्हटलं, "दादा, कुठून आणणारेस तू आज माणसं?" टोरंटोच्या आसपास ज्याच्याकडे फावडं आहे तो प्रत्येक जण त्या दिवशी बुक होता. आणि आमचे २ स्टुडंट, त्यांना कॉलेज चालू असताना आठवड्याला २४ तासच बाहेर काम करता येतं, नोव्हेंबर २०२४ पासून तो नियम आहे. बुधवार-गुरुवारच्या त्या एका पाळीतच दोघांचे २२ तास संपले होते. पोरं तयार होती, "ताई, चालतं हो, कोण बघतंय" म्हणत होती, पण त्यांच्या व्हिसाशी खेळायचा हक्क आम्हाला नाही. सुदैवाने एकाला शनिवारपासून रीडिंग वीकची सुट्टी लागत होती, सुट्टीत ती मर्यादा नसते. दुसऱ्याला आम्ही घरी बसवलं आणि पाजींनी त्यांच्या भाच्याला आणलं.

माणसं वाढत नाहीत तर काम कमी करायचं, दुसरा रस्ताच नाही. मी ९४ नावांची प्रिंट काढली आणि नकाशावर ठिपके मांडले. १९ घरं अशी निघाली की जी आमच्या कुठल्याच गल्लीत बसत नव्हती, एकेका घरासाठी २०-२५ मिनिटं नुसता प्रवास. या १९ जणांना शुक्रवारी दुपारी मी एकेक करून फोन केला, मेसेज नाही, फोनच केला. सांगितलं की आम्ही तुम्हाला दिलेला शब्द पाळू शकत नाही, ५ महिन्यांतले २ महिने राहिलेत, त्याचे २२० डॉलर आज परत पाठवतो आणि तुमच्या भागात काम करणाऱ्या माणसाचा नंबर देतो, त्याच्याशी मी आधीच बोललेय. एकूण ४,१८० डॉलर गेले. १९ पैकी ४ जण चिडले, त्यातला एक दादाचा शाळेतला मित्र, तो अजून बोलत नाही. बाकीच्यांनी निमूट घेतलं आणि तिघांनी तर थँक्यू म्हटलं कारण निदान वादळाआधी कळलं.

राहिली ७५ घरं. आता क्रम कसा लावायचा?

इथे मला आमच्या गावाकडचं आठवलं. आमचं शेत कालव्याच्या शेवटच्या टोकाला, टेलला. वरच्यांनी पाणी घेत घेत खाली येईपर्यंत पाळी संपायची आणि आमच्या उसाला पाणी मिळायचंच नाही, दरवर्षी तेच. मग शेजपाळीची अंमलबजावणी नीट सुरू झाली, खालच्या टोकापासून वर यायचं, ज्याची त्याची पाळी कागदावर लिहिलेली, भांडण मिटलं असं नाही पण निदान तारीख कळायची. आमच्या बर्फाच्या रूटवर काकू ३८ व्या होत्या त्या काही कोणी ठरवून केल्या नव्हत्या, गाडी दादाच्या घरून निघते, काकूंचं घर लांब, म्हणून त्या प्रत्येक वादळात शेवटी. जो टेलला तो कायमचा टेलला.

मग आम्ही २ गोष्टी केल्या. आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुम्हाला सकाळी किती वाजता घराबाहेर पडावंच लागतं आणि कशासाठी. हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता! उत्तरं आली तेव्हा कळलं की ७५ पैकी २१ जणांनाच खरोखर ७ च्या आत निघायचंय, त्यात डायलिसिस, हॉस्पिटलची शिफ्ट, व्हीलचेअर असलेलं एक घर, बाकी फॅक्टरीची पहाटेची शिफ्ट. ३० एक लोक घरून काम करणारे किंवा रिटायर्ड, ते म्हणाले दुपारपर्यंत चालेल, फक्त कधी येणार ते सांगा. २१ घरं पाळीत सगळ्यात आधी घेतली आणि उरलेल्यांचा क्रम गुरुवारच्या बरोबर उलटा लावला, शेवटच्या घरापासून सुरुवात.

दुसरं म्हणजे काम २ फेऱ्यांत तोडलं. ही गोष्ट पाजींची, ते आधीपासून सांगत होते. मोठ्या वादळात एकेक घर पूर्ण चकाचक करत पुढे जायचं नाही. पहिल्या फेरीत बर्फ पडत असतानाच निघायचं, एका गाडीपुरता पट्टा, दारापर्यंत पायवाट आणि तोंडाशी बांध असेल तर तो फोडायचा, बस, १० मिनिटं, पुढचं घर. दुसरी फेरी बर्फ थांबल्यावर आणि सिटीचा प्लाऊ येऊन गेल्यावर, तेव्हा पूर्ण साफ. काम एकूण थोडं जास्त होतं पण सगळ्यांना घराबाहेर पडता येतं. तिसरी टीम म्हणून दादाच्या ओळखीचा एक लँडस्केपवाला तासाला ९० डॉलर घेऊन पिकअपसकट यायला तयार झाला. ७५ घरं, ३ टीम, प्रत्येकी २५, घराला १० अधिक ८ म्हणजे १८ मिनिटं. साडेसात तास.

शुक्रवारी रात्री सगळ्यांना मेसेज गेला. त्यात आम्ही गुरुवारी कमी पडलो हे पहिल्याच वाक्यात लिहिलं, मग २ फेऱ्या कशा होतील ते, मग त्या घराचा पाळी नंबर आणि वेळेचा टप्पा, उदाहरणार्थ १२ वा नंबर, पहाटे १ ते ३. आणि शेवटी, टीम तुमच्यापासून ३ घरं लांब असेल तेव्हा मेसेज येईल, तेव्हा गाडी रस्त्यावर काढायची गरज नाही, फक्त एका बाजूला लावून ठेवा. हे शेवटचं लिहायला पाजींनीच सांगितलं कारण गाडी मध्यभागी उभी असेल तर ब्लोअर फिरवताच येत नाही.

शनिवारी पहाटे मुख्य पाळी सुरू व्हायच्या कितीतरी आधी दादा एकटाच व्हॅन घेऊन काकूंकडे गेला, तोंडाशी जमलेला बांध फोडला, घसरायला नको म्हणून पायऱ्यांवर मीठ टाकलं. साडेसहाची गाडी दारापर्यंत आली.

त्याच शनिवारी रात्री १० ला ३ टीम निघाल्या. साडेसात तासांचा हिशोब होता, लागले सव्वानऊ. २१ महत्त्वाची घरं मात्र ७ च्या कितीतरी आधी हिरवी झाली होती. उशीर कशामुळे झाला ते सांगते कारण हे माझ्या कागदावर नव्हतं: बर्फ टाकायला जागाच नव्हती. टाउनहाउसमध्ये २ ड्राइव्हवेंच्या मध्ये लॉनची एक चिंचोळी पट्टी असते, गुरुवारचा ढीग तिथे आधीच छातीपर्यंत आला होता, आता त्याच्यावरून फेकायचं तर ब्लोअरचा बर्फ अर्धा परत खाली येतो. रस्त्यावर टाकायचा नाही, तो गुन्हा आहे ओंटारियोच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, हायवे ट्रॅफिक कायद्यात. मग मुलांनी हाताने ढीग मागे सरकवले. त्या आठवडाभरात टोरंटोत ५० सेंटीमीटरच्या वर बर्फ पडला, खुद्द शहराला तो ट्रकमध्ये भरून हलवायला पुढे कितीतरी दिवस लागले, आमच्यासारख्यांचं काय. एकामागून एक वादळ येतं तेव्हा दुसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त वेळ धरायचा, मी आता दीडपट धरते.

मीठसुद्धा. आमच्या सप्लायरकडे त्या आठवड्यात मीठच संपलं होतं. ह्युरॉन लेकखालची गॉडरिचची खाण म्हणजे जमिनीखालच्या मिठाच्या खाणींत जगातली सगळ्यात मोठी, ती याच प्रांतात, तरी रांगा लागल्या होत्या. शिवाय साधं मीठ उणे १० च्या खाली गेलं की नीट काम करत नाही, नुसतं ओतत राहून उपयोग नाही. जे होतं ते आम्ही फक्त पायऱ्या आणि उतारावर वापरलं आणि प्रत्येक घराचा वेळेसकट फोटो काढला. फोटोचं महत्त्व नवीन मुलांना कळत नाही. कुणी घसरून पडलं तर घरमालकाबरोबर बर्फ काढणाऱ्यावरही दावा येतो. ओंटारियोत २९ जानेवारी २०२१ पासून अशा दाव्याची लेखी नोटीस पडल्यापासून ६० दिवसांच्या आत द्यावी लागते, म्हणजे २ महिन्यांनी कुणी विचारलं की त्या रात्री कोण आलं होतं, किती वाजता, मीठ टाकलं का, तर उत्तर आपल्या फोनमध्ये असायला हवं.

रविवारी सकाळी ९ ते संध्याकाळपर्यंत दुसरी फेरी झाली, राहिलेली ११ घरं सोमवारी, फॅमिली डेची सुट्टी होती म्हणून कुणाला घाई नव्हती. त्या २ दिवसांत फोन आले एकूण १४. गुरुवारी मी १०० नंतर मोजायचं सोडून दिलं होतं. बर्फ तेवढाच, माणूस एक जास्त. फोन कमी झाले ते मला वाटतं पाळी नंबरामुळे, माणूस उशीर सहन करतो, न कळणं सहन करत नाही.

एप्रिलमध्ये सिझन संपल्यावर आम्ही करार नव्याने लिहिला. आता २ दर आहेत, ७ पर्यंत हवं असेल तर ७८०, दुपारी १२ पर्यंत चालत असेल तर ५६०. डायलिसिस किंवा व्हीलचेअर असेल तर ५६० मध्येच पहिला नंबर, यावर दादा आणि माझं एका मिनिटात एकमत झालं. १५ सेंटीमीटरच्या वर बर्फ पडला तर २ फेऱ्या, पहिली बर्फ पडत असतानाच, दुसरी बर्फ थांबल्यापासून २४ तासांत. बांध फोडायला एक जादा फेरी दरात धरलेली, त्याहून जास्त वेळा यायला लागलं तर वेगळे पैसे. बाकीच्यांचा क्रम प्रत्येक वादळाला उलटा होतो, शेजपाळीसारखा, आणि तसं लिहिलेलं आहे.

आणि किती घरं घ्यायची ते आता मोठ्या वादळावरून ठरतं, साध्या बर्फावरून नाही. पहिली फेरी ८ तासांत संपायलाच हवी, म्हणजे ४८० मिनिटं. घराला १८ मिनिटं धरली तर एका टीमला २६ घरं, दोन्ही मिळून ५२. पण घरं एकाच गल्लीत असतील आणि मधला प्रवास ८ ऐवजी ३ मिनिटं झाला तर १३ मिनिटांत एक घर, एका टीमला ३६, दोन्ही मिळून ७२. तीच माणसं, त्याच गाड्या, २० घरं जास्त. ओटावा-मॉन्ट्रियलकडे ट्रॅक्टरवाले याच्यावरच जगतात, ड्राइव्हवेच्या कडेला रंगीत काठ्या रोवून ठेवतात, मागे उलटा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये गॅरेजपर्यंत जातो, ब्लोअर खाली टेकवतो, बर्फ ओढत बाहेर येतो की पुढचं घर. तो शेजारच्या गावातलं घर कधीच घेत नाही. आम्ही ६४ वर थांबलो. ७२ बसतात हे माहीत असून ६४, कारण गाडी बंद पडते, माणूस आजारी पडतो, आणि दादाने झोपायला पाहिजे.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये चौकशा पुन्हा सुरू झाल्या. काकूंचा फोन पहिला, "यंदा पण आहात ना गं तुम्ही?" त्यांचं नाव शीटवर आधीच होतं, नंबर १. त्याच आठवड्यात ओकव्हिलहून एकाचा फोन आला, चांगला माणूस, ७८० काय ९०० पण देतो म्हणाला. फोन स्पीकरवर होता, दादा समोर बसून चहा पीत होता. मी दादाकडे बघितलं, त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं आणि स्वतःच बोलला, "तुमच्या गल्लीत आमचं एकही घर नाही हो. तुम्ही आणि शेजारची चार घरं मिळून विचारा, मग बघू." त्याला त्याच्या भागातला नंबर दिला आणि फोन ठेवला.